ठाणे हुंड्यात गेलंच नव्हतं

"पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात मुंबईबरोबर ठाणं-साष्टीही इंग्रजांना मिळाली" हे ठाण्यात वर्षानुवर्षं ऐकू येतं (साष्टी म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट, ठाणं त्यावरच आहे). ते चूक आहे. शिवाय राजकन्या कॅथरीन हिचा त्या व्यवहारात हातही नव्हता.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी कॅथरीनच्या लग्नाचा 23 जून 1661 चा करार झाला तो तिची आई लुईझा हिच्या कारभारात. लुईझाचा नवरा 1656 साली वारला, मुलगा अल्पवयीन, म्हणून पोर्तुगालची सूत्रं तिच्याकडे होती. स्पेनविरुद्ध तिला इंग्लंडचं आरमार हवं होतं. त्यासाठी तिने 20 लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), मोरोक्कोतलं टँजिअर बंदर आणि 'मुंबई बंदर व बेट' देऊ केलं.

घोळ झाला तो 'बेट' या शब्दावरून. 1662 मध्ये आलेल्या इंग्रजांनी त्यात साष्टी आणि ठाणंही येतं म्हणून तेही मागितलं. पोर्तुगीजांनी साफ नकार दिला. ताबा लांबला, इंग्रजांचं सैन्य कारवारजवळच्या अंजदीव बेटावर रोगराईने मेलं, सेनापती शिपमनही गेला. अखेर 18 फेब्रुवारी 1665 ला शिपमनच्या जागी आलेल्या हंफ्री कुकला मुंबई मिळाली, तीही तोकडी. खाडीवरचं ठाणं आणि उरणजवळचं करंजा पोर्तुगीजांकडेच राहिलं, त्यामुळे मुंबईच्या होड्यांना तिथे जकात भरावी लागे. (लग्नाचं वऱ्हाड जेवून गेलं, पण नाक्याची चावी घरीच!)

ठाणं 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलं. इंग्रजांनी ते घेतलं 1774 च्या डिसेंबरअखेर, मराठ्यांकडून आणि लढून.

कॅथरीन मात्र आईच्याच वाटेने गेली: विधवा होऊन मायदेशी परतल्यावर आजारी भावाच्या वतीने 1704-05 मध्ये तिने पोर्तुगालचा कारभार पाहिला.