शर्ट कुठला? तयार कपड्यांच्या शुल्कसवलतीमागचा इतिहास

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातील रेडिमेड कारखान्यांत गेली काही वर्षे एक तक्रार सातत्याने ऐकू येते. बांगलादेशातून येणाऱ्या शर्टांवर आणि जीन्सवर आयातशुल्क लागत नाही, आणि तो माल तरी खरा बांगलादेशचा कुठे असतो. कापड चीनचे, शिलाई तेवढी तिथली. तक्रारीत तथ्य आहे. मात्र तिच्यातील ‘बांगलादेशचा’ हा शब्द वाटतो तितका सरळ नाही, आणि गेल्या पंचवीस वर्षांतील तयार कपड्यांचा व्यापार बहुतांशी त्याच एका शब्दाच्या व्याख्येवर हेलकावत आला आहे.

त्याआधीचा काळ कोट्याचा होता. श्रीमंत देशांनी 1962 पासून सुती मालावर आणि 1974 पासून मल्टी-फायबर व्यवस्थेखाली कृत्रिम धाग्यांसह बहुतेक सर्व कपड्यांवर देशवार मर्यादा घातल्या. 1995 ते 2004 या दहा वर्षांत त्या टप्प्याटप्प्याने उठवायच्या ठरल्या, पण जवळजवळ अर्धा भाग शेवटच्या दिवसावर ढकलला गेला. 1 जानेवारी 2005 रोजी कोटे संपले, तेव्हा चीन आणि भारत बाजार काबीज करतील व बांगलादेशाचा धंदा बसेल, असे भाकीत सर्वत्र केले जात होते. चीनविषयी ते खरे ठरले. आपल्याकडे मात्र विणलेल्या कापडाचे कपडे लघुउद्योगांच्या राखीव यादीतून बाहेर पडून तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षे झाली होती आणि होजिअरी तर 2005 मध्येच मोकळी झाली; वीस-पंचवीस मशिनांचे गाळे हीच आपली सवय होती. इंदूरपुरते बोलायचे तर हुकूमचंद मिल 1991 मध्येच बंद पडलेली होती (तिच्या कामगारांची देणी चुकती व्हायला 2023 चा डिसेंबर उजाडला), आणि इथला शिलाईचा धंदा देशी बाजारावर, मुख्यतः लहान मुलांच्या कपड्यांवर उभा होता.

कोटे गेल्यावर शुल्कातील फरकाला महत्त्व आले. युरोपात कपड्यांवर साधारण 12 टक्के शुल्क आहे. मार्च 2001 पासून युरोपने बांगलादेशसारख्या अल्पविकसित देशांना शस्त्रास्त्रे वगळता सर्व मालावर शून्य शुल्क दिले. भारत त्या वर्गात बसत नसल्याने त्याला विकसनशील देशांना मिळणाऱ्या सामान्य सवलतीतील 9.6 टक्के भरावे लागत. शिलाईत नफ्याची रेघ किती बारीक असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे साडेनऊ टक्के म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागणार नाही.

परंतु शून्य शुल्क सर्वच बांगलादेशी कपड्यांना मिळत नव्हते, आणि इथेच तो शब्द आडवा येतो. मालाचे मूळ, बाजारात ज्याला नुसते ‘ओरिजिन’ म्हणतात, ते कॉलरमागच्या पट्टीवरून ठरत नाही. पट्टी शेवटची मोठी प्रक्रिया कुठे झाली ते सांगते. सवलतीचे ओरिजिन प्रत्येक करार आपापल्या नियमाने मोजतो. युरोपचा 2010 अखेरपर्यंतचा नियम दुहेरी प्रक्रियेचा होता: सूत बाहेरून आणले तरी चालेल, पण कापड विणणे आणि कपडा शिवणे ही दोन्ही कामे त्याच देशात झाली पाहिजेत. त्यामुळे चिनी कापडाचा ढाक्यात शिवलेला शर्ट पट्टीवर प्रामाणिकपणे ‘मेड इन बांगलादेश’ असे आणि तरीही सवलतीच्या हिशेबात तो बांगलादेशचा नसे. त्यावर पूर्ण शुल्क भरावे लागे. टी-शर्टांचे निटिंग तुलनेने कमी भांडवलात होते म्हणून तिथे निटिंगचे कारखाने झपाट्याने वाढले, आणि विणलेल्या कापडाचे शर्ट-पँट मागे राहिले. 1 जानेवारी 2011 पासून युरोपने अल्पविकसित देशांसाठी नियम एकेरी केला. कापड कुठलेही असो, शिलाई तुमची असली की पुरे. माझ्या मते या धंद्याच्या अलीकडच्या इतिहासात 2005 पेक्षाही हे वर्ष अधिक निर्णायक आहे, जरी त्याची चर्चा फारच कमी होते.

त्याच वर्षी भारतानेही निर्णय घेतला. सप्टेंबर 2011 मध्ये बांगलादेशच्या 46 वस्त्रप्रकारांवरील शुल्क काढले गेले, आणि नोव्हेंबरमध्ये दारू-तंबाखूसारख्या 25 बाबी वगळता अल्पविकसित शेजाऱ्यांच्या सर्व मालाला दार उघडले. निर्णय शेजारधर्माचा होता, नदीच्या पाण्यापासून सीमेपर्यंतच्या वाटाघाटींचा भाग होता; शिलाई कारखानदारांचे म्हणणे त्यात कितपत विचारात घेतले गेले, हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो गैरवाजवी नाही.

भारताची ही सवलत ज्याखाली येते त्या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारातील मोजणी अशी आहे: आयातशुल्काच्या यादीत माल ज्या शीर्षकाखाली येतो ते बदलले पाहिजे आणि श्रीलंकेचा अपवाद सोडता इतर देशांसाठी 40 टक्के, तर अल्पविकसित देशांसाठी 30 टक्के मूल्यवृद्धी देशात झाली पाहिजे. क्लॉथ मार्केटमधला कोणताही व्यापारी करील तसा हिशेब मांडू. जहाजावर चढवलेल्या फ्रॉकची किंमत 100 रुपये धरली आणि त्यात बाहेरून आणलेले कापड, अस्तर, चेन मिळून 65 रुपयांचे असले, तर कटिंग, शिलाई, इस्त्री, पॅकिंग आणि नफा मिळून 35 उरतात. कापडाचा फ्रॉक झाला की शीर्षक आपोआप बदलते. 35 हे 30 पेक्षा जास्त. म्हणजे चिनी कापडाचा तो फ्रॉक नियमाने पूर्णपणे बांगलादेशी ठरतो, त्यात कसलीही लबाडी नाही. आपल्याकडे ‘चोरट्या मार्गाने चीनचा माल’ असे जे सरसकट म्हटले जाते, त्यात काही प्रकरणे खोट्या कागदांची असतीलही, पण मूळ प्रवाह कायदेशीरच आहे.

पुढची वर्षे डागडुजीची. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि आयातीवर देशी उत्पादनशुल्काच्या बरोबरीने पूर्वी बसणारा भरपाई कर गेला. त्याच्या जागी आलेला कर पुढे वळता करून घेता येऊ लागल्याने बाहेरचा माल आणखी स्वस्त पडू लागला. 2018 मध्ये अनेक कपड्यांवरील सर्वसाधारण शुल्क 20 टक्के झाले, पण शून्याच्या दारातून येणाऱ्याला त्याचे काय? 21 सप्टेंबर 2020 पासून ओरिजिनचे नुसते प्रमाणपत्र दाखवून भागेनासे झाले. मूल्यवृद्धी कशी झाली याची माहिती आयातदारानेच बाळगायची ठरली. मे 2025 मध्ये तर ओरिजिनला हात न लावता वाट अरुंद करण्यात आली: बांगलादेशी तयार कपडे न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतूनच येतील, जमिनीवरील नाक्यांवरून नाहीत.

जाता जाता एक गैरसमज. जून 2019 मध्ये अमेरिकेने भारताची सामान्य सवलत काढली, तेव्हा कपड्यांना फटका बसल्याचे अनेकांनी मानले. त्या योजनेत बहुतेक कपडे मुळातच नव्हते. सुती टी-शर्टवर तेव्हाही 16.5 टक्के लागत होते आणि नंतरही. खरा फटका ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने लावलेल्या 50 टक्के अतिरिक्त शुल्काचा होता.

ठरलेल्या वेळापत्रकानुसार 24 नोव्हेंबर 2026 रोजी बांगलादेश अल्पविकसित वर्गातून बाहेर पडायचा आहे. युरोपने सवलत आणखी तीन वर्षे चालू ठेवली आहे. त्यानंतर विकसनशील देशांची योजना लागू झाल्यास दुहेरी प्रक्रियेचा नियम परत येतो. दक्षिण आशियाई करारात वेगळी तडजोड झाली नाही, तर 30 ऐवजी 40 टक्क्यांचा निकष लागू होईल, आणि वरच्या हिशेबातला 35 रुपये मूल्यवृद्धीचा तोच फ्रॉक, तेच कापड आणि तीच शिलाई असूनही, बांगलादेशी राहणार नाही.