डेव्हलपमेंटल असेसमेंटचा रिपोर्ट आला, आता दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी काढायचं का? कुठे, कसं, कोणते कागद

डेव्हलपमेंटल असेसमेंट म्हणजे मुलाचं बोलणं, वागणं, समज वयाप्रमाणे आहे का याची तपासणी. तिचा रिपोर्ट हातात पडला की पहिले चार दिवस त्यातले आकडेच डोक्यात फिरतात. आमची लेक तेव्हा सव्वातीन वर्षांची होती, आणि घरात एकीकडे सासूबाई म्हणतायत "अगं हिचा बापसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता", दुसरीकडे थेरपिस्ट म्हणतेय सर्टिफिकेटचं बघून घ्या, आणि मी आपली रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधत बसलेली. तेव्हा हे सगळं कुणी एका जागी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

आधी एक घोळ मिटवू. असेसमेंटचा रिपोर्ट वेगळा आणि दिव्यांग सर्टिफिकेट वेगळं. यूडीआयडी म्हणजे त्या सर्टिफिकेटसोबत मिळणारं दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पुढे 'कार्ड' म्हणते ते हेच. प्रायव्हेट डॉक्टरांनी कितीही सविस्तर रिपोर्ट दिला तरी ते सर्टिफिकेट होत नाही, ते सरकारने नेमलेल्या हॉस्पिटलचं बोर्डच (तपासणी करणारी डॉक्टरांची समिती) देतं. आणि थेरपी सुरू करायला सर्टिफिकेट लागत नाही! हे ठळक अक्षरात वाचा, कारण कार्ड येईपर्यंत थांबू म्हणत महिने घालवणारे पालक मी स्वतः बघितलेत. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत जा, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ही केंद्रं आहेत, तिथं स्पीच, फिजिओ, सायकॉलॉजिस्ट अशा सेवा मोफत असतात. अंगणवाडीत तपासणीला जे पथक येतं तेही तिथंच पाठवतं, पण त्यांची वाट बघायची गरज नाही, सरळ गेलात तरी चालतं. गर्दी असते, मान्य.

आता सर्टिफिकेट कुणाला मिळतं ते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. ऑटिझम (कागदावर 'स्वमग्नता'), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालीत येणारी अडचण), बौद्धिक अक्षमता, कर्णबधिरत्व हे सगळे त्यात येतात. नुसतं एडीएचडी (अतिचंचलपणा, लक्ष न टिकणं) त्या यादीत नाही. नुसतं उशिरा बोलणं पण नाही, वाचा आणि भाषा दोष असा प्रकार यादीत दिसतो खरा पण तो कायमस्वरूपी दोषासाठी आहे, स्पीच डिलेसाठी नाही. लर्निंग डिसॅबिलिटीचं (वाचन-लेखन-गणितातल्या अडचणीचं) सर्टिफिकेट 8 वर्षांच्या आधी देत नाहीत. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना बौद्धिक अक्षमता असं न लिहिता ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले (एकापेक्षा जास्त बाबतीत विकास मागे) लिहितात. तेव्हा तुमच्या रिपोर्टवर नक्की काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून नीट समजून घेऊनच अर्जाला हात घाला. सर्टिफिकेटवर दिव्यांगत्व किती टक्के ते लिहितात, बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात.

सर्टिफिकेट आणि कार्ड दोन्हीचा अर्ज ऑनलाइनच, स्वावलंबन कार्ड नावाच्या सरकारी पोर्टलवर. फी नाही. कागद असे: मुलाचं आधार, जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा (रेशनकार्ड किंवा लाइटबिल), सहा महिन्यांच्या आतला फोटो, आईवडिलांपैकी एकाचं आधार, आणि सगळे मेडिकल रिपोर्ट, कानाची तपासणी झाली असेल तर तीही. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार चालतं, फक्त त्याला तुमचा मोबाईल नंबर जोडलाय ना ते बघा, नाहीतर ओटीपी कुठे जातो ते कळत नाही. नावाचं स्पेलिंग आधारवर, जन्मदाखल्यावर आणि अर्जात एकच पाहिजे. आमच्याकडे जन्मदाखल्यावर एक 'ए' जास्त होता, तेवढ्यासाठी तीन आठवडे गेले.

फॉर्ममध्ये हॉस्पिटल निवडायचं असतं, तिथं घाई करू नका. घराजवळचं म्हणून निवडलं आणि तिथं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच नाही असं होतं. आम्हाला पहिल्या ठिकाणी दोनदा परत पाठवलं, एकदा डॉक्टर रजेवर आणि एकदा "आज वार नाही". आधी फोन करून विचारा की ऑटिझमचं किंवा बौद्धिकचं बोर्ड कुठल्या वारी बसतं. सबमिट केल्यावर जो नंबर येतो त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. 2024 च्या सुधारित नियमात सर्टिफिकेट द्यायला तीन महिन्यांची मुदत आहे.

बोर्डाच्या दिवशी काय होतं, तर ऑटिझमसाठी इसा नावाची भारतीय प्रश्नावली वापरतात, 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. एकूण 70 च्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत, 106 पर्यंत सौम्य, 153 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आणि इथंच आपण आईबाप गडबड करतो. डॉक्टरांनी विचारलं हाक मारल्यावर बघते का, की आपण लगेच "हो हो, कधीकधी बघते की". आपलं लेकरू कुणापुढे कमी दिसू नये असं वाटतंच. पण तिथं परीक्षा नाहीये. रोजचं जे आहे ते सांगा, दुकानात जमिनीवर लोळते ते, एकच भात खाते ते, सगळं. मी घरून लिहून नेलं होतं आणि घरी काढलेले तीन छोटे व्हिडिओ पण नेले, कारण त्या दिवशी लेक एकदम शहाण्यासारखी बसली होती! टक्के पटले नाहीत तर कायद्याच्या कलम 59 प्रमाणे अपील करता येतं.

शिक्का बसेल याची भीती सगळ्यांना वाटते, आम्हालाही वाटली, नवऱ्याने तर दोन महिने विषय टाळला. पण लहान वयातलं सर्टिफिकेट सहसा तात्पुरतं असतं, त्यावर मुदत लिहिलेली असते आणि नंतर परत तपासणी होते. मूल सुधारलं तर तसं लिहितात. आणि ते कुणाला दाखवायचं हे तुमच्या हातात असतं, सवलत नको असेल तर कार्ड कपाटात राहू दे.

कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो, 40 च्या खाली पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि वर निळं. ते देशभर चालतं, बदली झाली तरी नवं काढावं लागत नाही.

कार्ड आल्यावर पहिलं काम म्हणजे निरामय. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा आरोग्य विमा, वर्षाला 1 लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट नाही, ओपीडीतल्या थेरपीचा खर्चही एका ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. नोंदणी फी दारिद्र्यरेषेखालच्यांना 250, बाकीच्यांना 500. पण हा फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता (एकापेक्षा जास्त दिव्यांगत्व) या चारांसाठीच आहे, म्हणून सर्टिफिकेटवरचा शब्द काय पडतो त्याला महत्त्व आहे. थेरपिस्टकडून दर वेळी सही-शिक्क्याची पावती घ्या, नंतर मागितली की कुणी देत नाही.

महाराष्ट्रात आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्यातल्या, खाजगी शाळांमधल्या मोफत प्रवेशाच्या) 25 टक्के जागांसाठी 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट असलेल्या मुलांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. आईवडिलांना इन्कम टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये 75,000 ची वजावट आहे, 80 टक्के आणि वर असेल तर 1,25,000.

आणि सर्टिफिकेटवरची मुदतीची तारीख आजच मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका, तीनचार महिने आधीची. संपल्यावर धावपळ केली तर पुन्हा बोर्डाचा तोच वार, तीच रांग.