बोइंग ३७७ स्ट्रॅटोक्रूझर

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या बोइंग कंपनीने लांब पल्ल्यासाठी बांधलेले चार इंजिनांचे, दुमजली प्रवासी विमान. पहिले उड्डाण ८ जुलै १९४७ रोजी झाले. एप्रिल १९४९ पासून पॅन अमेरिकन कंपनीने ते सॅन फ्रान्सिस्को–होनोलुलू मार्गावर चालवले. एकूण ५६ विमाने तयार झाली.

या विमानाचे मूळ बी-२९ या बाँबफेकी विमानात आहे. त्याचे पंख व शेपूट घेऊन बोइंगने लष्करासाठी सी-९७ हे मालवाहू विमान रचले. बी-२९च्या गोल धडावर त्याहून रुंद असा दुसरा गोल चढवला, त्यामुळे समोरून पाहता धड इंग्रजी आठचा आकडा उलटा केल्यासारखे दिसे. स्ट्रॅटोक्रूझर ही त्याचीच प्रवासी आवृत्ती. दुसरा मजला मिळाला तो मुख्यतः या मालवाहू पोटामुळे. ऐषारामाची कल्पना त्यावर नंतर बसवली गेली.

ती मात्र झकास बसली. मुख्य कक्षातून गोल जिन्याने खाली उतरले की सुमारे चौदा जणांची बैठक आणि मद्याची सोय असे. रात्रीच्या प्रवासात निजायला बर्थ मिळत. केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असल्याने विमान खराब हवामानाच्या वरून जाऊ शके. ऑक्टोबर १९५१ मध्ये ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीच्या स्ट्रॅटोक्रूझरने कॅनडाला गेली. भारतात हे विमान कोणी घेतले नाही. एअर इंडिया इंटरनॅशनलने १९४८ मध्ये मुंबई–लंडन सेवा सुरू केली ती लॉकहीड कॉन्स्टेलेशनवर.

दुखणे होते इंजिनात. प्रॅट अँड व्हिटनीच्या वास्प मेजरमध्ये सात-सात सिलिंडरांच्या चार रांगा एकामागे एक असत. त्या रचनेवरून त्याला ‘मक्याचे कणीस’ म्हणत. ताकद सुमारे ३,५०० अश्वशक्ती, पण एका इंजिनाला ५६ स्पार्क प्लग, म्हणजे विमानाला २२४. ते काजळले की बदलत बसायचे. मेकॅनिकांच्या दृष्टीने हे विमान म्हणजे न संपणारे काम होते.

प्रोपेलरचा दोष त्याहून घातक ठरला. पोकळ पोलादी पाते मोडले की तोल बिघडून आख्खे इंजिन पंखावरून उखडले जाई. २९ एप्रिल १९५२ रोजी ॲमेझॉनच्या जंगलावर पॅन अमेरिकनच्या विमानाचे इंजिन असेच निखळले आणि ५० जण दगावले.

१६ ऑक्टोबर १९५६ची घटना वेगळी. होनोलुलूहून निघालेल्या विमानाचा एक प्रोपेलर मध्यरात्री पॅसिफिकवर बेफाम फिरू लागला आणि थांबवता येईना. पुढे दुसरे एक इंजिनही गेले. कॅप्टन रिचर्ड ऑग यांनी अमेरिकी तटरक्षक दलाच्या ‘पाँचरट्रेन’ जहाजाभोवती उजाडेपर्यंत घिरट्या घातल्या. आदल्या वर्षी ओरेगॉनजवळ समुद्रात उतरलेल्या स्ट्रॅटोक्रूझरची शेपूट तुटली होती, हे ध्यानात ठेवून त्यांनी मागच्या प्रवाशांना पुढे बसवले. जहाजाने पाण्यावर फेसाचा पट्टा आखून दिला. विमान उतरताच शेपूट खरोखरच तुटली. विमानातले सर्व ३१ जण वाचले.

ऑक्टोबर १९५८ मध्ये कॉमेट ४ आणि बोइंग ७०७ ही जेट विमाने अटलांटिकवर आली आणि स्ट्रॅटोक्रूझरचे दिवस भरले. काही विमाने इस्रायलच्या हवाई दलाने घेतली. अमेरिकी वैमानिक जॅक कॉनरॉय यांनी स्ट्रॅटोक्रूझरच्या जुन्या सांगाड्यावर भलेमोठे धड बसवून ‘प्रेग्नंट गप्पी’ तयार केले. ते १९६२ मध्ये उडाले आणि नासाच्या सॅटर्न रॉकेटचे टप्पे वाहू लागले. पुढच्या ‘सुपर गप्पी’ विमानांतून एअरबस या बोइंगच्या युरोपीय स्पर्धक कंपनीच्या विमानांचे सुटे भाग युरोपभर जात. त्यामुळे प्रत्येक एअरबस जन्माला येते ती बोइंगच्या पंखांवर, अशी थट्टा या क्षेत्रात चाले.