पार्श्वभूमी : लष्करी बँडप्रमुखाचा गौरव नेमका कशासाठी?

लष्करी बँडचा संगीत संचालक निवृत्त झाला की बातमीत तीन गोष्टी हमखास येतात : सेवेची वर्षे, कर्तव्यपथावरची (पूर्वीच्या राजपथावरची) संचलने आणि प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या, दिल्लीच्या विजय चौकातल्या 'बीटिंग रिट्रीट'चे नेतृत्व. त्याने आयुष्यभर जे लिहिले, त्याचा उल्लेख सहसा नसतो. बँडप्रमुख लिहितो, हेच अनेकांना ठाऊक नसते. मूळ चाल कुणाचीही असो, ती साठ-सत्तर वादकांच्या हातात पडण्याआधी प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद कुणीतरी तयार करावा लागतो. क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर 'सी' लिहिलेला असतो आणि वाद्यातून 'बी फ्लॅट' निघतो. शेजारच्या टेनर हॉर्नवाल्याने तोच 'सी' वाजवला, तर 'ई फ्लॅट' ऐकू येतो. सगळ्यांचा सूर एक यायचा, तर प्रत्येकाची पट्टी वेगळी लिहावी लागते. हे काम करणाऱ्याच्या कारकिर्दीचा गौरव करायचा, तर या कागदांची गोष्ट सांगायला हवी.

या परंपरेची इंग्रजी मुळे फार लांबवत नाही. क्रिमियन युद्धात ब्रिटिश पलटणींच्या बँडनी एकच राष्ट्रगीत वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवून गोंधळ घातला, अशी कथा सांगतात. त्यानंतर १८५७ साली लंडनजवळ बँडमास्तर घडवणारी शाळा निघाली. हिंदुस्थानातल्या पलटणींना बँड मिळाले ते याच साच्यातून. वाजवणाऱ्यांत गोव्याची माणसे पुष्कळ होती, कारण तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन लहानपणीच शिकवत. लढाई सुरू झाली की हेच वादक वाद्ये ठेवून जखमींचे स्ट्रेचर उचलत. बँड म्हणजे शोभेची पलटण, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

खरा पेच १९४७ साली आला, आणि बँडप्रमुखाचे काम किती मोलाचे आहे, हे त्या तीन वर्षांत जितके उघड झाले तितके आधी किंवा नंतर कधीच झाले नाही. १५ ऑगस्टनंतर लष्कराच्या बँडनी मानवंदनेला काय वाजवायचे? 'गॉड सेव्ह द किंग' वाजवणे आता शोभणारे नव्हते. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. हाताशी 'जन गण मन'ची एक ध्वनिमुद्रिका होती. ती तिथल्या वाद्यवृंदाला दिली, त्यांनी वाजवली आणि ती लोकांना आवडली. मग पंतप्रधानांनी प्रांतांच्या गव्हर्नरांची मते मागवली. एक सोडून सगळ्यांनी 'जन गण मन'ला संमती दिली. वेगळे मत देणारे गव्हर्नर मध्य प्रांताचे होते, म्हणजे नागपूरचे. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंतप्रधानांनी हा सगळा घटनाक्रम घटना समितीत सांगितला. 'वंदे मातरम्'चे स्थान त्यांनी मान्य केले, पण त्याची चाल वाद्यवृंदाला आणि बँडला सहज पेलणारी नाही, असा मुद्दा मांडला.

गीताच्या शब्दांवरचे आक्षेप सर्वांना ठाऊक आहेत, ते बाजूला ठेवू. चालीवरचा आक्षेप मात्र तपासण्यासारखा होता, आणि तो तपासायला एक मराठी माणूस पुढे आला. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर वर्षानुवर्षे सभांमधून 'वंदे मातरम्' गात होते, झिंझोटी रागात. बँडवर हे बसत नाही, असे म्हणता काय? मग बसवून दाखवतो, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी चाल आटोपशीर केली, समूहाला गाता येईल अशी केली आणि मुंबईतल्या एका ब्रिटिश बँडप्रमुखाला गाठून तिचे बँडसाठी स्वरलेखन करून घेतले. मग दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिके दिली.

त्या दोघांची बैठक डोळ्यांपुढे आणली की कामातली अडचण कळते. झिंझोटीतली मींड गळ्यातून सहज उतरते. क्लॅरिनेटला चाव्या आहेत, कॉर्नेटला झडपा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची मोकळीक सबंध ताफ्यात खऱ्या अर्थाने फक्त ट्रॉम्बोनला. म्हणजे कोणती मींड सोडायची, कोणती दोन सुटे स्वर करून लिहायची आणि कोमल निषादाखाली युफोनियम या खालच्या सुराच्या पितळी वाद्याने काय धरायचे, हे एकेका मात्रेला ठरवायचे. गवई गाऊन दाखवणार, बँडप्रमुख लिहिणार, वाजवून बघणार, खोडणार. मला विचाराल तर आक्षेप तिथेच निकालात निघाला होता. शिवाय मानवंदनेचे गीत सावधान स्थितीत उभे राहून ऐकायचे असते. त्यावर पावले टाकायची नसतात. त्यामुळे चाल संथ असल्याने फारसे बिघडत नव्हते.

निर्णय व्हायचा तो झाला. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीच्या अध्यक्षांनी निवेदन केले, ठराव किंवा मतदान झाले नाही. 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरले आणि 'वंदे मातरम्'ला समान मान देण्याचे ठरले. 'जन गण मन'ची वाद्यवृंदासाठीची मांडणीही एका इंग्रज संगीतकाराने केलेली होती. दोन्ही गीतांच्या मागे असे लिहिणारे हात होते. मास्टर कृष्णरावांचे नाव निदान मराठी घरांत राहिले, त्यांच्या जोडीला बसलेल्या बँडप्रमुखाचे राहिले नाही.

कॅप्टन रामसिंह ठाकूर यांचेही काहीसे असेच झाले. गुरखा पलटणीतला हा वादक आझाद हिंद सेनेच्या संगीताचा प्रमुख झाला. 'कदम कदम बढ़ाए जा'ची चाल त्यांची. नेताजींनी दिलेले व्हायोलिन त्यांनी शेवटपर्यंत जपले. स्वातंत्र्यानंतर ते उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलिसांच्या बँडमध्ये होते. त्यांनी राष्ट्रगीताची चाल बांधली की बांधलेल्या चालीची वाद्यवृंदासाठी मांडणी केली, यावर आजही वाद होतो. या वादात मांडणी हे दुय्यम काम असल्याचे दोन्ही बाजू गृहीत धरतात, आणि मला तेच खटकते.

त्यात पदनामांचा गुंता. पुढे दंड फिरवत चालणारा, ज्याचे फोटो निघतात, तो ड्रम मेजर. चौथऱ्यावर छडी घेऊन उभा राहतो तो कंडक्टर. पलटणीचा बँड घडवतो तो बँडमास्तर, म्हणजे लष्करात सुभेदाराच्या पायरीवरचा जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, जवान आणि अधिकारी यांच्या मधली पायरी). संगीत संचालक हा कमिशन मिळालेला अधिकारी. विजय चौकात प्रमुख कंडक्टर अधिकारी असतो आणि त्याच्या हाताखाली तिन्ही दलांचे बँड सांभाळणारे सुभेदार मेजर, मास्टर चीफ पेटी ऑफिसर किंवा वॉरंट ऑफिसर. वर्तमानपत्रे या सगळ्यांना सरसकट 'बँडमास्तर' म्हणतात. मग जेसीओला निवृत्तीच्या सुमारास ऑनररी लेफ्टनंट किंवा कॅप्टन हा हुद्दा मिळाला की वाचकाला वाटते, हा अधिकारीच होता. हुद्दा मानाचा आहे, पण आयुष्यभराचे काम त्याने सुभेदार म्हणून केलेले असते.

हे बँडमास्तर घडवण्याची आपली सोय १९५० साली पचमढीला झाली, पहिल्या भारतीय सरसेनापतींच्या पुढाकाराने. नौदलाची संगीतशाळा मुंबईत कुलाब्याला आहे. 'बीटिंग रिट्रीट'चा आजचा सोहळाही पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीचा, एका मेजरने बसवलेला.

गेल्या दहा वर्षांत या कार्यक्रमाचे रूप झपाट्याने पालटले. २०१६ साली सतार, संतूर, तबला आले. २०१९च्या प्रजासत्ताक दिनी 'शंखनाद' वाजले. बिलासखानी तोडी, भैरवी आणि किरवाणी यांवर बेतलेली ही रचना नागपूरच्या एका संगीत प्राध्यापिकेची, मुळात महार रेजिमेंटसाठी केलेली. २०२२ साली 'अबाइड विथ मी' वगळले गेले. गांधीजींचे हे आवडते ख्रिस्ती भजन दुरून येणाऱ्या घंटानादासह वाजायचे आणि अंगावर काटा यायचा. त्याऐवजी 'ऐ मेरे वतन के लोगों' आले, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची चाल. वाद झाला तो इंग्रजी भजन की देशी गाणे एवढाच. मला ते भजन राहायला हवे होते असे वाटते. पण एकट्या गळ्यासाठी बांधलेले, हुंदक्यावर थांबणारे गाणे शेकडो वादकांच्या ताफ्यासाठी लिहायचे म्हणजे काय, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तेही जानेवारीच्या थंडीत, जेव्हा पितळी वाद्यांचा सूर उतरतो आणि वादक वाद्यात फुंकर घालून ती ऊबदार ठेवत असतात.

सगळ्या रचना संपल्यावर बिगुल वाजतो. बँडप्रमुख ताफ्यातून एकटा निघून राष्ट्रपतींपर्यंत चालत जातो, सलाम करतो आणि बँड परत नेण्याची परवानगी मागतो. सहा वाजता झेंडे उतरतात. बँड रायसीना टेकडीकडे वळतात ते 'सारे जहाँ से अच्छा' वाजवत. या गीताच्या कवायती चालीचे श्रेय प्रा. ए. लोबो यांना दिले जाते.