बायोटिनची गोळी आणि केसगळती
“बायोटिनची (‘ब’ गटातील एका जीवनसत्त्वाची) गोळी रोज घेतली की केस गळायचे थांबतात,” असा संदेश लातूर-नांदेडकडील घराघरांत वर्षानुवर्षे फिरत आहे. एखाद्या घटकाची कमतरता असेल, तरच तो भरून काढल्याने केसांना लाभ होतो. आणि भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी किंवा अंडी खाणाऱ्यांत बायोटिनची कमतरता क्वचितच आढळते. मग गुण आल्यासारखे का वाटते? मोठा ताप किंवा बाळंतपण यांनंतर २-३ महिन्यांनी सुरू झालेली गळती बहुधा ६ महिन्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय गोळीला मिळते. गळतीच्या कारणाची खात्री करण्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) व थायरॉइडची रक्ततपासणी करावी. मात्र बायोटिनमुळे थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो, म्हणून गोळी सुरू असल्याचे डॉक्टरांना आधी अवश्य सांगावे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने तर उलट केस गळतात.