गिरणीच्या जागी टॉवर: मुंबईच्या बांधकाम-चक्राची पार्श्वभूमी, साताऱ्यातून पाहताना

जावळी, पाटण, माण, खटाव या तालुक्यांत मुंबईशी नातं नसलेलं घर सापडणं अवघड. कुणाचे आजोबा परळच्या गिरणीत साचे चालवायचे, कुणाचे वडील मशीद बंदरात माथाडी होते, कुणाचा भाऊ आज कोपरखैरण्यात राहतो. त्यामुळे लोअर परळला आणखी एक पन्नास मजली टॉवर चढतोय किंवा एखादा अर्ध्यावर थांबलाय, ही बातमी साताऱ्यात परक्याची म्हणून कुणी वाचत नाही. हे टॉवर कधी भराभर वर जातात आणि कधी वर्षानुवर्षं सळया उघड्या टाकून उभे राहतात. असं का होतं, हे कळायला आधी गिरणगावात जावं लागतं.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ मध्ये स्थापन झाली, ताडदेवला. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरला. इकडे जावळी-पाटणात जमीन थोडी आणि तीही उतारावरची; माण-खटावात पावसाचा भरवसा नाही. १८७६-७७ च्या दुष्काळाने तर कंबरडंच मोडलं. घरातला एक गडी मुंबईला जायचा, बायकापोरं आणि शेती गावाकडे राहायची, महिन्याला मनीऑर्डर यायची. गिरणीमालकांनाही हे सोयीचं होतं. कामगाराचं कुटुंब गावी जगत असल्याने त्याला मुंबईत घर देण्याची जबाबदारी कुणीच फारशी अंगावर घेतली नाही.

मग तो राहायचा कुठे? गावाच्या खोलीत. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली दहा बाय बाराची खोली. भिंतीच्या कडेने एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकीवर मालकाचं नाव. खुंट्यांना सदरे. दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर पथारी टाकायचा. जेवण खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बाईही बऱ्याचदा घाटावरचीच. या खोलीतूनच मुंबईकर मंडळं उभी राहिली. त्यांच्या वर्गणीतून गावात देऊळ झालं, शाळेची खोली झाली, यात्रेचा खर्च निघाला. मुंबईतल्या घरटंचाईचा आमच्या गावांच्या बांधकामाशी इतका थेट संबंध आहे.

सरकारने मोठ्या प्रमाणावर कामगारांसाठी घरं बांधली ती १९२० च्या दशकात, बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींच्या रूपाने. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची खोली. त्यानंतर १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला त्याने मोठा आधार दिला, हे नाकारता येणार नाही. पण भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणं परवडेनासं झालं आणि जुन्या चाळींची डागडुजी थांबली. पागडी फोफावली. पैसा भाड्याच्या घरांतून निघून मालकीच्या फ्लॅटकडे वळला. १९६३ चा मोफा कायदा याच नव्या धंद्यात ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून करावा लागला. बांधकाम चालू असताना हप्त्या-हप्त्याने पैसे भरून फ्लॅट घेण्याची पद्धत तेव्हापासून मुरत गेली. पुढचं सगळं चक्र याच पद्धतीवर फिरतं.

१९६४ मध्ये मुंबईत एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक लागू झाला. भूखंडाच्या किती पट बांधायचं, हे आता सरकार ठरवणार. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. जादा जमीन सरकारने घेऊन गरिबांसाठी घरं बांधावीत हा हेतू होता. प्रत्यक्षात जमिनी खटल्यांत आणि सवलतींच्या फायलींत अडकून पडल्या. बाजारात जमीन कमी, परवानगी महाग. मलबार हिल, पेडर रोड भागात श्रीमंतांसाठी उंच इमारती होत गेल्या, गिरणगाव मात्र तीन-चार मजली चाळींचंच राहिलं.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या गावांत त्या वर्षी ट्रंका परत आल्या. ज्यांची थोडीफार बागायत होती ते तगले. कोरडवाहू घरांनी जनावरं विकली, पोरांची शाळा सोडवली. कुणी माथाडीत शिरलं. तिथे पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली होती आणि १९६९ चा माथाडी कायदा पाठीशी होता, म्हणून निदान उभं राहायला जागा मिळाली.

इकडे ५८ गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या मधोमध पडून होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. हिशोब चोख होता. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. गिरणीत बहुतेक जागा शेडखालीच असते. त्यामुळे शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला मूळ अपेक्षेच्या मानाने फारच थोडं आलं. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. माझ्या मते मुंबईच्या आजच्या आकाशरेषेवर या एका दुरुस्तीइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच झालेला नाही, आणि साताऱ्याच्या कामगाराचं इतकं नुकसानही दुसऱ्या कशाने केलेलं नाही.

वेळही तशीच जुळली होती. १९९०च्या दशकाच्या मध्याला एकदा भाव कडाडले होते आणि नंतर कित्येक वर्षं पडून राहिले. २००३ नंतर गृहकर्ज स्वस्त झालं. २००५ मध्ये बांधकामात शंभर टक्के थेट परकीय गुंतवणुकीला वाट मिळाली. त्याच वर्षी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्यांचे लिलाव केले. कोहिनूर गिरणीची जागा ४२१ कोटींना गेली, मुंबई टेक्स्टाईल गिरणीची ७०२ कोटींना. इतक्या भावाने घेतलेल्या जमिनीवर स्वस्त घर होऊच शकत नाही. तिथे पुढे श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या वर्ल्ड वनसारखे टॉवर आले. त्याची उंची आधी ४४२ मीटर ठरली होती. विमान वाहतुकीच्या परवानगीत अडकून ती २८० मीटरच्या आसपास आली.

टॉवरचा धंदा चाळीपेक्षा वेगळा का, हे इथे नीट पाहायला हवं. तीन मजल्यांची इमारत वर्ष-दीड वर्षात होते. पैसे संपले तर दोन मजल्यांवर थांबवून लोक राहायला येऊ शकतात. पन्नास मजल्यांच्या इमारतीला खोल पाया, रुंद राफ्ट, वर काँक्रीट चढवणारे पंप, जलद लिफ्ट, अग्निशमनाची स्वतंत्र यंत्रणा लागते. हे सगळं पुरं झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही. पाच-सात वर्षं सहज जातात. तेजीत जमीन घ्यायची, कर्जावर काम काढायचं, स्लॅब पडेल तसे ग्राहकाचे हप्ते घ्यायचे. शेजारचे चार बिल्डरही त्याच तेजीत सुरुवात करतात. सगळ्यांचे फ्लॅट एकदम तयार व्हायला लागतात तोवर तेजी ओसरलेली असते. तरी भाव उतरत नाहीत, कारण भाव उतरवला तर तारण ठेवलेल्या जमिनीची किंमतही उतरते आणि सावकार दारात येतो. मग पार्किंग फुकट, फ्लोअर राईज (वरच्या मजल्याचा जादा दर) माफ, वीस टक्के आता आणि ऐंशी टक्के ताब्याच्या वेळी अशा वीस-ऐंशीच्या योजना. व्याज मात्र रोज चढतं, आणि एक दिवस क्रेन थांबते.

सप्टेंबर २००८ मध्ये जागतिक मंदीने हा पहिला झटका दिला. पण चक्र लवकरच पुन्हा फिरलं आणि २०१३ नंतर कुंथलं. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मे २०१७ पासूनचा रेरा (घरग्राहकांच्या संरक्षणासाठीचा कायदा), मग जीएसटी, पाठोपाठ २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था बुडाल्यावर बिगर-बँक वित्तसंस्थांनी आखडलेला हात. यातल्या रेराचं स्वागतच करायला हवं. ग्राहकांकडून आलेले ७० टक्के पैसे त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, हा नियम आधी असता तर एका इमारतीचे हप्ते दुसऱ्या जमिनीत गुंतले नसते.

२०२० मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क पाचवरून दोन टक्क्यांवर आणलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये बांधकाम परवानगीसाठी बिल्डरांना भरावे लागणारे प्रीमियम (शुल्क) वर्षभरासाठी निम्मे केले. निम्म्या दराचा फायदा घ्यायचा तर परवानगी त्याच वर्षात हवी, म्हणून फायलींची रांग लागली. आज चढत असलेले कित्येक टॉवर त्या रांगेतलेच आहेत. खोलीची गरज असलेला माणूस शहरात किती आहे, हा प्रश्न या सगळ्यात कुठेच मोजला गेला नाही. क्रेन फिरली ती नियम सैल झाले तेव्हा आणि कर्ज स्वस्त झालं तेव्हा.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात एक वेगळी गोष्ट घडली. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, जागच्या जागी, उंच इमारतीत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. जमीन सरकारची होती आणि भाडेकरू संघटित राहिले, म्हणून हे झालं. मासिक देखभालीचा खर्च निवृत्त माणसाला झेपेल का, ही काळजी खरी आहे, पण टॉवर गरिबाला नकोच असतो हे म्हणणं तिथे खोटं ठरलं.

गिरणी कामगारांचं तसं झालं नाही. त्यांच्यासाठी म्हाडाची मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. घर २२५ चौरस फुटांचं. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. अलीकडे शेलू-वांगणीला घरं देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा आम्हाला मुंबईतच घर हवं म्हणून कामगार आझाद मैदानावर बसले. शेलू आणि परळ यांत लोकलचा दीड तासाहून अधिक प्रवास आहे.

पात्रतेची अट अशी की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगाराचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर असायला हवं. त्यासाठी तिकीट क्रमांक, गेटपास, सर्व्हिस सर्टिफिकेट, भविष्य निर्वाह निधीची किंवा ईएसआयसीची नोंद लागते. बरेच मूळ कामगार आता हयात नाहीत. अर्ज वारसांच्या नावाने चालवावे लागतात, म्हणजे वारस दाखला आणि सगळ्या भावंडांची संमती आली. पाटण-जावळीतल्या ज्या घरांत अजून ती पत्र्याची ट्रंक आहे, त्यांनी तळाशी ठेवलेले कागद एकदा काढून पाहावेत आणि त्यांच्या प्रती करून घ्याव्यात. गिरण्यांची दप्तरं दरवर्षी कमी होत चालली आहेत.