शुगर बीटच्या राशी: साठवणुकीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

ऊस तोडला की एक-दोन दिवसांत गाळावा लागतो, त्यामुळे तो साठवण्याचा विचारच कोणी करत नाही. शुगर बीट, म्हणजे ज्याच्यापासून साखर काढतात तो कंद, थंडीत महिनोन्महिने टिकते. या पिकाची निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

बीटमध्ये उसातलीच साखर असल्याचे बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफने १७४७ मध्ये दाखवले. त्याचा शिष्य फ्रान्झ आखार्ड याने तेव्हाच्या प्रशियातील सायलेशिया प्रांतात कुनर्न इथे १८०१ मध्ये कारखाना उभारला. पुढे नेपोलियनच्या काळातील नाकेबंदीत बाहेरून येणारी उसाची साखर अडली आणि हे कारखाने फोफावले. इथवरची कथा सगळेच सांगतात. त्या कारखान्यांच्या आवारात काय चालायचे, ते मात्र क्वचितच वाचायला मिळते. जमीन गोठण्याआधी सगळे पीक काढावे लागे आणि तेवढे एका दमात गाळण्याची ताकद कारखान्यात नसे. मग चर खणायचे, कंद रचायचे, वर पेंढा नि माती लोटायची.

भीती होती ती गोठलेले बीट पुन्हा वितळण्याची. तसे झाले की पेशी फुटतात, रस पाझरतो आणि त्यावर ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू वाढतो. तो साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतो. कारखान्याच्या गाळण्या तुंबतात त्या त्यामुळे. शिवाय मऊ पडलेल्या कंदाचे नीट काप निघत नाहीत आणि कापांतून गरम पाण्याने साखर उतरवण्याची पद्धत तर कापांवरच अवलंबून.

खरी मोठी गळती मात्र डोळ्यांना दिसत नाही. काढलेला कंद जिवंत असतो, श्वसन करतो आणि त्यासाठी स्वतःचीच साखर जाळतो. तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. श्वसनातून उष्णता निघते, ती राशीत कोंडते, मग श्वसन आणखी वाढते. जखमांतून बुरशी शिरली की हे चक्र जास्तच वेगाने फिरते. यंत्राने काढणी सुरू झाल्यावर कंदांना मार बसू लागला, टोके मोडू लागली, म्हणजे बुरशीला दारे उघडीच. मजुरी वाचली, पण तिची किंमत राशीत मोजावी लागली, असे माझे मत.

अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवरील रेड रिव्हर खोऱ्यात तर थंडीलाच कामाला लावले. ऑक्टोबरमध्ये काढणी होते. कंद फार गरम असतील तर ती थांबवतात. प्रचंड राशींखाली नळ्या घालून पंख्यांनी थंड हवा सोडतात आणि कडाक्याच्या हिवाळ्यात रास मुद्दाम गोठवतात. गोठलेल्या कंदाचे श्वसन जवळपास थांबते. अट एकच: तो थेट काप करणाऱ्या यंत्रापर्यंत गोठलेलाच राहिला पाहिजे. वसंतात ऊब लवकर आली तर सगळी धावपळ.

पश्चिम युरोपात हिवाळा इतका भरवशाचा नाही. तिथे शेताच्या बांधावरच रास लावून पॉलिप्रोपिलीनचे कापड टाकतात. ते पाऊस अडवते, पण राशीला श्वास घेऊ देते. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपीय संघाचा साखर कोटा, म्हणजे उत्पादनावरची मर्यादा, संपला. कारखान्यांना हंगाम लांबवून यंत्रसामग्री जास्त दिवस वापरायची होती, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

यातून सुटायची एक वाट आहे: रस लगेच आटवून घट्ट करायचा, टाक्यांत भरायचा आणि साखर सवडीने काढायची. पण काप आणि रस काढण्याची क्षमता तरी त्यासाठी हवीच, त्यामुळे राशी अजून हटलेल्या नाहीत.